वाचकांचे प्रश्न : मॉरिशसच्या ऊसमळ्यांतील माणसांच्या खुणा

मागील अंकात मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरातील आप्रवासी घाटावर एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. १८४९ मध्ये उभारायला घेतलेल्या या ठाण्यावर हिंदुस्थानातून आलेले करारबद्ध मजूर उतरत, दोनेक दिवस राहत आणि तेथून उसाच्या मळ्यांवर पाठवले जात. २००६ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसास्थळ ठरवले, एवढेच जागेअभावी त्यात सांगता आले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : त्या माणसांचे मागे नेमके काय उरले आणि जे उरले ते वाचायचे कसे? निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या घरात असे सांगतात की, पणजोबांचे एक चुलते ‘मोरिसला’ गेले आणि परत आले नाहीत. साल कोणालाच ठाऊक नाही. कागदोपत्री त्यांचा शोध लागू शकेल का?
— एक वाचक, राजापूर

शोध लागण्याची शक्यता बऱ्यापैकी आहे, कारण ज्या व्यवस्थेने त्यांना नेले तिला माणसांची नोंद ठेवण्याची फार निकड होती. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास मजूर हिंदुस्थानातून मॉरिशसला गेले. त्यांतले सर्वाधिक कलकत्त्याहून आणि त्याखालोखाल मद्रासहून गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांचे प्रमाण शंभरात साधारण सहा-सात इतकेच होते, पण रत्नागिरी आणि तळकोकणातली, तसेच घाटावरच्या सातारा-कोल्हापूर भागातली माणसे प्रामुख्याने याच वाटेने गेली. संख्या कमी असणे शोधणाऱ्याच्या पथ्यावर पडते, कारण मुंबईहून सुटलेल्या जहाजांच्या याद्या तेवढ्याच चाळाव्या लागतात.

हे दप्तर आज मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जतन केलेले आहे. २०१५ मध्ये युनेस्कोने त्याची ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत नोंद केली. घाटावर उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळे आणि पुढचे सारे आयुष्य त्या क्रमांकाला बांधलेले असे. आगमनाच्या नोंदवहीत नाव, बापाचे नाव, वय, जात, अंगावरच्या खुणा, जिल्हा, गाव, जहाज, उतरल्याची तारीख आणि ज्या मळ्यावर पाठवले त्याचे नाव असे रकाने असत. मृत्यूची किंवा मायदेशी परतल्याची नोंद कधीकधी नंतरच्या शाईने त्याच ओळीत केलेली आढळते. १८६० च्या दशकाच्या मध्यापासून छायाचित्रेही काढली जाऊ लागली. आपले आप्त त्यानंतर गेले असतील किंवा आधी गेलेले असूनही तोवर बेटावर हयात असतील, तर त्यांचा चेहरा पाहायला मिळण्याचीही आशा ठेवता येईल.

शोधताना मात्र काही गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली म्हणजे आडनावाने शोधू नका, ते बहुधा नोंदलेलेच नसते. त्यांचे स्वतःचे नाव आणि त्यांच्या बापाचे नाव ही जोडी हाताशी असली पाहिजे, म्हणून आधी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून वंशावळ लिहून घ्या. दुसरी गोष्ट उच्चाराची. मजूर आपले नाव मराठीत सांगे, दुभाषा ते त्याला उमजेल तसे पुढे सांगे आणि कारकून रोमन लिपीत जे उतरवी ते कोकणातल्या माणसाने वाचले तर ओळखू येईलच असे नाही. ळ आणि ण तर त्या लिपीत वेगळे उरतच नाहीत. गावांच्या नावांचीही हीच गत होते. तेव्हा नाव मोठ्याने म्हणून पाहा आणि मराठीचा गंध नसलेल्या माणसाला ते कसे ऐकू आले असते, याच्या चार-सहा शक्यता लिहून ठेवा. तिसरी गोष्ट म्हणजे ‘मुंबई’ अशी नोंद दिसली तरी माणूस मुंबईचाच असेल असे धरू नका, कारण बंदराचे नाव गावाच्या रकान्यात गेल्याची शक्यता नेहमीच असते.

ते तिकडेच राहिले आणि संसार केला असेल, तर आणखी एक अडचण समोर येईल. धार्मिक विधीने झालेले लग्न तेथील कायद्याने स्वतंत्र नोंदणीशिवाय ग्राह्य धरले जात नसे. त्यामुळे नीट लग्न लागलेल्या जोडप्याची मुलेही सरकारी कागदात अनौरस म्हणून लिहिलेली सापडतात. हे वाचून कोणी मनाला लावून घेऊ नये, दोष त्या रकान्याचा आहे. पुढच्या पिढ्यांत बापाचे किंवा आजोबांचे पहिले नावच आडनाव होऊन बसले, म्हणून आज तिकडच्या मराठी घरांत सखाराम किंवा गोविंद यांसारखी आडनावे दिसली तर नवल वाटू नये.

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य अभिलेखागारात मुंबई इलाख्याचा सरकारी पत्रव्यवहार आहे. मजूर पाठवण्यासंबंधी सरकारचे धोरण आणि तक्रारी समजून घ्यायला तो मोलाचा आहे, पण एका माणसाच्या शोधाचा आरंभ मोका येथूनच करावा असे मी सुचवीन. भारत सरकारने मॉरिशसच्या नागरिकांना ओसीआय कार्डासाठी, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओळखपत्रासाठी, विशेष सवलत दिल्यापासून तिकडची माणसेही पूर्वज भारतातून आल्याचा दाखला मिळवण्यासाठी याच दप्तराकडे वळतात. आपण इकडून शोध घेत असताना आपल्या त्या आप्ताचे पणतू तिकडून आपले गाव शोधत असतील, हेही अगदी संभवनीय आहे.

प्रश्न : वर्गात मुलांनी विचारले की, गुलाम आणि गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, यांत फरक काय? दोघांचीही नोंदवही होती, दोघेही ऊसच तोडत होते. मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.
— एक शिक्षिका, कराड

आपल्या विद्यार्थ्यांनी विचारलेला हा प्रश्न इतिहासकारांतही दीर्घकाळ वादाचा राहिला आहे. त्यामुळे उत्तर चटकन देता आले नाही याचे वाईट वाटून घेऊ नका. मला विचाराल तर दोन्ही नोंदवह्या शेजारी शेजारी ठेवून मुलांना रकाने वाचायला लावावेत. फरक आणि साम्य दोन्ही तेथेच दिसतात.

गुलामांची नोंदणी मॉरिशसमध्ये १८१५ पासून सुरू झाली. त्यामागचे कारण असे : ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला होता, १८१० मध्ये हे बेट फ्रेंचांकडून जिंकून घेतले होते, आणि तरीही मोझांबिक आणि मादागास्करहून चोरून गुलाम उतरवले जातच होते. प्रत्येक मालकाने आपल्याकडील गुलामांची यादी दिली की नवा माणूस लगेच उघडकीस येईल, असा सरकारचा हिशेब होता. मालकांनी त्यावर तोड काढली आणि याद्याच खोट्या दिल्या. पहिली नोंदणी इतकी अविश्वसनीय ठरली की १८२६ मध्ये ती नव्याने करावी लागली. म्हणून त्या वहीत एखाद्यापुढे ‘जन्म बेटावरचा’ असे लिहिलेले दिसले, तर तो खरोखर तेथे जन्मला होता की काळोखात किनाऱ्यावर उतरवलेला माणूस झाकण्यासाठी ते लिहिले होते, असा संशय घेऊनच वाचावे लागते. नाव, वय, उंची, वर्ण, मूळ देश, अंगावरच्या खुणा, काम असे तेथील रकाने आहेत. नावे मालकाने ठेवलेली असत. कधी एखाद्या महिन्याचे, कधी वाराचे, कधी जूपिटर किंवा हेक्टर असे ग्रीक-रोमन पुराणातले. आईबापांनी ठेवलेल्या नावासाठी त्या वहीत जागाच नव्हती. या नोंदवह्यांच्या प्रती आज लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

आता करारबद्ध मजुराची ओळ पाहा. तेथे बापाचे नाव आहे, गाव आहे, जात आहे. माणूस कोठून तरी आलेला आहे आणि त्याला माघारी जाण्याचा रस्ता निदान कागदावर तरी आहे, हे ती नोंद मान्य करते. करार ठरावीक मुदतीचा होता. आरंभी पाच वर्षांचा, मग नियम बदलत एक आणि तीन वर्षांचा आणि पुन्हा पाच वर्षांचा. पुरुषाला महिन्याला ५ रुपये पगार आणि वर तांदूळ, डाळ, कपडा. मुदत संपली की तो दुसरा मालक पाहू शके. त्याची मुले मळेवाल्याची मालमत्ता होत नसत. हा फरक लहान नव्हे, आणि ज्यांच्या पूर्वजांना विकले गेले त्यांच्यासमोर बोलताना तो पुसट करणे अन्यायाचे होईल.

पण कराराच्या मागच्या बाजूला काय होते तेही मुलांना सांगा. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. या ‘दुहेरी कपाती’मुळे वर्षअखेर हाती फारच थोडे उरे. काम सोडून निघून जाणे हा दिवाणी वाद समजला जात नसे, तो गुन्हा होता आणि त्याला तुरुंग होता. परतीचे मोफत तिकीट १८५० च्या दशकाच्या आरंभीच बंद करण्यात आले. आणि १८६७ च्या मजूर कायद्याने तर मुदत पूर्ण केलेल्या, म्हणजे कायद्याने मोकळ्या झालेल्या माणसालाही आपले छायाचित्र डकवलेले तिकीट आणि पोलिसांचा परवाना सदैव जवळ बाळगण्याची सक्ती केली. तो जवळ नसला की त्याची गणना भटक्यांत होई आणि रवानगी भटक्यांच्या कोठडीत. ज्या छायाचित्रांकडे आज नातवंडे-पतवंडे डोळे भरून पाहतात, ती या बंदोबस्तासाठी काढलेली आहेत.

दोन्ही व्यवस्थांमधला सांधा मात्र तारखांतून सर्वांत स्पष्ट होतो. मॉरिशसमध्ये गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली आणि ३६ हिंदी मजुरांना घेऊन ‘ॲटलस’ जहाज २ नोव्हेंबर १८३४ रोजी, म्हणजे तीन महिने आधीच पोर्ट लुईला लागले होते. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणल्यावर बेटावर उसाची लागवड झपाट्याने वाढली होती आणि मजूर तर हवेच होते. साठ हजारांहून अधिक गुलाम मुक्त झाले, पण ‘शिकाऊ उमेदवारी’ या नावाखाली त्यांना मार्च १८३९ पर्यंत त्याच मालकांकडे राबावे लागले. नुकसानभरपाई म्हणून ब्रिटिश सरकारने मॉरिशसच्या मालकांना एकवीस लाख पौंडांच्या आसपास रक्कम दिली. जे गुलाम पिढ्यान्पिढ्या फुकट राबले त्यांच्या वाट्याला त्यातला एक पैसाही आला नाही. त्या भरपाईच्या अर्जांची कागदपत्रे उपलब्ध आहेत आणि माझ्या मते या विषयावरचा त्याहून अस्वस्थ करणारा दस्तऐवज दुसरा नाही, कारण त्यात माणसांची किंमत शेतकाम, घरकाम, वय अशा वर्गवारीने ठरवलेली आहे.

‘गिरमिट’ हा शब्द करारासाठीच्या ‘ॲग्रीमेंट’ या इंग्रजी शब्दाच्या अपभ्रंशातून आला. आपल्या सुताराच्या गिरमिटाशी त्याचा संबंध नाही. ही पद्धत बंद व्हावी असा ठराव गोपाळ कृष्ण गोखले यांनी ४ मार्च १९१२ रोजी केंद्रीय विधिमंडळात मांडला होता. तो तेव्हा नामंजूर झाला, पण पुढच्या पाच वर्षांतच मजुरांची निर्यात थांबवावी लागली. आपल्या वर्गात गोखल्यांचा धडा असेल तर हे जरूर जोडून सांगा.

प्रश्न : मॉरिशसच्या गुलामांशी गोव्याचा काही संबंध होता का?
— एक वाचक, मडगाव

होता. फ्रेंच काळात मॉरिशसला आणलेल्या गुलामांचा मोठा हिस्सा पोर्तुगीजांच्या ताब्यातील मोझांबिकच्या किनाऱ्यावरून खरेदी केलेला होता, आणि त्या मुलखाचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता. शिवाय गुलाम केवळ आफ्रिकी होते असेही नाही. हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरून नेऊन विकलेली माणसे अठराव्या शतकापासून त्या बेटावर होती आणि गुलामांच्या नोंदवह्यांत ‘हिंदी’ असा वेगळा वर्ग आढळतो. मॉरिशसमधील हिंदी माणसाचा इतिहास १८३४ पासून सुरू होतो असे सररास लिहिले जाते. ते बरोबर नाही.

प्रश्न : एका ब्रिटिश संग्रहालयातील साखरेच्या भांड्याचे छायाचित्र पाहिले. त्यावर ‘ईस्ट इंडिया साखर, गुलामांनी न बनवलेली’ अशा अर्थाची ओळ होती. हे काय प्रकरण आहे?
— एक वाचक, पुणे

ब्रिटिश म्युझियममध्ये निळ्या काचेचे असे एक भांडे आहे, सोनेरी अक्षरांचे, १८२० च्या दशकाच्या सुमाराचे. वेस्ट इंडीजमधील साखर गुलामांच्या रक्ताने माखलेली आहे म्हणून तिच्यावर बहिष्कार घालणारी कुटुंबे, विशेषतः त्या घरांतील स्त्रिया, चहाच्या मेजावर असे भांडे ठेवत, म्हणजे पाहुण्यालाही आपला पक्ष समजे. मतदानाचा हक्क नसलेल्या स्त्रियांनी स्वयंपाकघरातून चालवलेली ही मोहीम होती आणि तिचा आदर वाटतो.

तरीही त्या ओळीकडे जरा थांबून पाहावे. ‘ईस्ट इंडिया’ म्हणजे कंपनीच्या ताब्यातील हिंदुस्थान. मॉरिशस पूर्वेकडेच असले तरी तेथली साखर गुलामच पिकवत होते, आणि अगदी त्याच दशकात ती साखर लंडनच्या बाजारात वाढत्या प्रमाणात येऊ लागली होती. एक साखर निर्मळ आणि दुसरी पापाची, अशी सरळ वाटणी त्या भांड्याने केली होती. हिंदी महासागरातले हे बेट त्या वाटणीत बसत नव्हते.

प्रश्न : संग्रहालयांत गुलामांच्या बेड्या मांडलेल्या असतात. त्या पाहून दुःख होते, पण पुढे काय? अशा वस्तू मांडाव्यात का?
— एक वाचक, नागपूर

मांडाव्यात, पण केवळ बेड्या मांडू नयेत. अनेक संग्रहालयांतील बेड्यांचे मूळ तपासले तर त्या कोणाच्या पायात होत्या, जहाजावरच्या की तुरुंगातल्या, हेही सांगता येत नाही. अशा वेळी त्यापेक्षा कायद्याचा कागद अधिक बोलका ठरतो. मॉरिशस आणि शेजारच्या बेटांसाठी १७२३ मध्ये काढलेल्या फ्रेंच फर्मानात महिनाभर फरारी राहिलेल्या गुलामाचे कान कापावेत आणि खांद्यावर डाग द्यावा, पुन्हा पळाल्यास गुडघ्यामागची शीर तोडावी आणि तिसऱ्यांदा देहदंड द्यावा, असे कलमवार लिहिलेले आहे. हे कोणा एका क्रूर मालकाच्या रागाच्या भरात घडलेले नव्हते. शांत डोक्याने, राजाच्या सहीने ठरवलेले होते.

आपल्या प्रश्नाला मी एका वेगळ्या वस्तूचे उदाहरण देईन. १८४६ मध्ये यूजेन द फ्रोबेरव्हिल या अभ्यासकाने मॉरिशसमध्ये पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांच्या चेहऱ्यांवर प्लास्टर थापून साचे काढले. त्यांतून घडवलेले सुमारे पन्नास अर्धपुतळे फ्रान्समधील ब्लुआ येथील राजवाड्याच्या संग्रहात आहेत. हे काम मानववंशांच्या वर्गवारीच्या, आज आपल्याला खटकणाऱ्या कल्पनेतून झाले होते. ओले प्लास्टर चेहऱ्यावर घेऊन डोळे मिटून पडून राहणे त्या माणसांना कसे वाटले असेल, याचा विचार करवत नाही. पण फ्रोबेरव्हिलने त्यांची नावे, मुलूख, भाषा यांच्या टिपणवह्याही ठेवल्या. त्या वह्या आणि ते चेहरे अलीकडे पुन्हा एकत्र जुळवले गेले, तेव्हा ‘नमुना’ म्हणून ठेवलेल्या चेहऱ्याला त्याचे नाव परत मिळू लागले. पोर्ट लुई येथील गुलामगिरीच्या संग्रहालयाने या चेहऱ्यांवर प्रदर्शन मांडले. पुढे काय, या आपल्या प्रश्नाचे एक उत्तर मला या कामात दिसते : वस्तूला तिच्या माणसाकडे परत नेणे.

प्रश्न : सारे कागद मालकांचे किंवा सरकारचे. त्या लोकांनी स्वतः मागे काहीच ठेवले नाही का?
— एक वाचक, ठाणे

ठेवले, पण ते शोधताना नजर थोडी बदलावी लागते.

कागदांपासूनच सुरुवात करतो. १८७१ मध्ये जुन्या मजुरांनी गव्हर्नरला एक अर्ज दिला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या होत्या. अर्ज लिहून देणारे अॅडॉल्फ द प्लेविट्झ हे स्वतः युरोपीय होते आणि त्यासाठी त्यांना मळेवाल्यांच्या रोषाला, इतकेच नव्हे तर भर रस्त्यात मारहाणीलाही तोंड द्यावे लागले. परंतु तिकीट आणि परवान्यापायी होणारा छळ, विनाकारण होणारी अटक, बुडवलेला पगार या अर्जातल्या तक्रारी मजुरांच्या स्वतःच्या होत्या. सही करणे म्हणजे आपले नाव पोलिसांच्या हाती देणे आहे, हे ठाऊक असूनही साडेनऊ हजारांच्या घरात माणसे पुढे आली. त्यातून १८७२ मध्ये शाही चौकशी आयोग बेटावर आला. त्याच्या दोन सदस्यांपैकी विल्यम फ्रेअर हे मुंबई इलाख्यात सनदी सेवा केलेले गृहस्थ होते. १८७५ च्या त्यांच्या अहवालाने बहुतेक तक्रारी खऱ्या ठरवल्या आणि १८७८ मध्ये मजूर कायदा बदलला गेला. मॅजिस्ट्रेटपुढच्या जबान्यांतही मजुरांचा आवाज येतो. तो दुभाषाच्या तोंडून आलेला आहे हे खरे, पण पगाराचा हिशेब सांगताना कोणी कोणाचे किती दिवस कापले हे ज्या नेमकेपणाने सांगितलेले असते, तो नेमकेपणा दुभाष्याचा नसतो.

गुलामांच्या बाबतीत असा कागद जवळजवळ नाहीच, आणि तेथे जमीनच वाचावी लागते. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा उभ्या कड्यांचा डोंगर आहे. पळून गेलेले गुलाम त्याच्या आश्रयाने राहत. मुक्तीची वार्ता सांगायला आलेल्या शिपायांना पाहून, ते पकडायलाच आले असे समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तेथे पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. २००८ मध्ये हा डोंगर जागतिक वारसास्थळ झाला. कथेला कागदाचा पुरावा मागणारे आहेत, पण मला ती मागणी अस्थानी वाटते; ज्यांना लिहू दिले गेले नाही त्यांच्या वंशजांनी ती जपली, हाच तिचा पुरावा आहे. याच डोंगराच्या पायथ्याशी एका जुन्या दफनभूमीचे उत्खनन झाले. तेथील काही कबरींत नाणी आणि मातीची चिलीम यांसारख्या वस्तू मृतासोबत ठेवलेल्या सापडल्या. ज्यांच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे फारसे काही नव्हते, त्यांनी आपल्या माणसाला निरोप देताना यातले काहीतरी सोबत दिले.

आणि एक ठेवा असा आहे की तो कपाटात मावत नाही. कोकणातल्या जाखडीला मॉरिशसचे मराठी लोक ‘झाकरी’ म्हणतात आणि ती आजही नाचतात. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते. घाटावरच्या वहीत ज्या माणसाचे गाव धड लिहिले गेले नाही, त्याच्या पायांनी ते गाव ठेक्यात धरून ठेवले.

प्रश्न : पुढील वर्षी मॉरिशसला जाण्याचा योग आहे. समुद्रकिनारे सोडून या विषयाचे काय पाहावे?
— एक वाचक दांपत्य, कोल्हापूर

पोर्ट लुईमध्ये आप्रवासी घाट आणि जुन्या लष्करी रुग्णालयाच्या इमारतीतील गुलामगिरीचे संग्रहालय ही दोन्ही ठिकाणे जवळजवळ आहेत. ती एकाच दिवशी आणि शक्यतो आधी संग्रहालय, मग घाट या क्रमाने पाहावीत. घाटावरच्या सोळा दगडी पायऱ्या फार थोड्या आहेत. घाईने चढू नयेत. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजुरांच्या घरातील भांडी, दागिने, अवजारे जपून ठेवली आहेत. ट्रायनन येथे मजुरांच्या दगडी चाळीचा अवशेष आहे. पांपलमूसजवळ बो प्लाँ येथील जुन्या कारखान्यात साखरेचे संग्रहालय आहे आणि यंत्रसामग्री समजून घ्यायला ते उत्तम आहे.

वाटेत उसाच्या शेतांतून जाताना मध्येच काळ्या दगडांचे मोठाले ढीग आणि लांबच लांब गडगे दिसतील. बेट ज्वालामुखीचे असल्यामुळे जमीन दगडांनी भरलेली होती आणि ऊस लावण्याआधी ते दगड वेचून बाजूला रचावे लागले. ते काम आधी गुलामांनी आणि मग मजुरांनी हातांनी केले. या ढिगांजवळ बहुधा पाटी नसते, त्यामुळे वाहनचालकाला आधीच सांगून ठेवा आणि एखाद्या ढिगापाशी गाडी थांबवून खाली उतरा.